आपलं कोटेशन समोरच्याला फक्त धाक दाखवायला हवं असेल तर? (वाटाघाटी आणि गेम थिअरी)

सुकाणू

आमची कंपनी मध्यम आकाराची, यंत्रांचे सुटे भाग बनवणारी. एका मोठ्या ग्राहकाने दर मागितले आहेत. हा भाग त्यांना सध्या एकच पुरवठादार देतो, तोही बऱ्याच वर्षांपासून. खरेदी विभाग म्हणतो, "आम्हाला दुसरा पुरवठादार हवाच आहे." आमच्या धंद्यातले जाणते लोक म्हणतात, तुमचा कागद जुन्याच्या समोर ठेवला जाईल, तो दर उतरवेल आणि ऑर्डर आहे तिथेच राहील.

नुसता आकडा लिहून द्यायचा असता तर प्रश्न नव्हता. डायचं (भाग ज्यात घडतो त्या साच्याचं) डिझाइन, नमुने, चाचण्या, सगळंच आलं. चांगले इंजिनियर त्यात अडकणार. आणि दर दिला नाही तर ते पुन्हा विचारणार नाहीत, ही भीती आहेच.

सध्या गेम थिअरी वाचतोय, म्हणजे आपला फायदा दुसऱ्याच्या चालीवरही अवलंबून असताना निर्णय कसा घ्यायचा याचं शास्त्र. कैद्यांचा पेच समजला (एकमेकांना साथ दिली तर दोघांचं भलं, पण प्रत्येकाला फितुरीतच फायदा दिसतो), नॅश समतोल समजला (एकट्याने चाल बदलून कोणाचाच फायदा होत नाही अशी स्थिती). पण पुस्तकात दोन खेळाडू असतात, दोन पर्याय असतात आणि कोणत्या चालीला कोणाला किती मिळेल याच्या चौकटीत आकडे आधीच भरलेले असतात. माझ्यासमोर तीन खेळाडू आहेत आणि एकाही चौकटीतला आकडा मला ठाऊक नाही. म्हणून दोन प्रश्न. हे शास्त्र ज्यांनी खऱ्या व्यवहारात वापरलं त्यांना ते नेमकं कुठे उपयोगी पडलं? आणि मी दर द्यावा का?

आडवाटेचा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. माझी सगळी नोकरी खरेदी विभागात झाली. "दुसरा पुरवठादार हवाच आहे" हे वाक्य खरं असतानाही म्हटलं जातं आणि नसतानाही. ऐकून फरक कळणार नाही, कारण म्हणणारा माणूस तोच असतो आणि सूरही तोच.

पहिल्याचं उत्तर : समोर बसलेला माणूस वाचता आला पाहिजे. समीकरणाने ते होत नाही.

गणितवेडी

@आडवाटेचा, तुमचा पहिला परिच्छेद म्हणजे शुद्ध गेम थिअरी आहे! बोलायला काहीच खर्च येत नसेल तर खरा आणि खोटा दोघंही तेच बोलतात, मग त्या बोलण्यातून माहिती मिळत नाही. अशा वेळी असं काही मागायचं जे खऱ्याला सहज देता येईल आणि नुसता धाक दाखवणाऱ्याला जड जाईल. अर्थतज्ज्ञ मायकेल स्पेन्सने १९७३ मध्ये नोकरीच्या बाजाराबद्दल याच धर्तीचा विचार मांडला होता : पदवीला किंमत येते, कारण कमी कुवतीच्या माणसाला ती मिळवणं जास्त कठीण पडतं. २००१ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्याला अकरलॉफ आणि स्टिग्लिट्झ यांच्यासोबत मिळालं, ते अशाच अपुऱ्या माहितीच्या बाजारांवरच्या कामासाठी.

सुकाणू, तुम्हाला चौकटीतले आकडे नकोतच. "ग्राहक खरा असेल तर काय करेल, खोटा असेल तर काय करणार नाही" एवढं कागदावर मांडा.

रानवारा

वाचतोय. वाचनखूण साठवली.

दूरबीण

सुकाणू, तुमच्या जागी उभी राहिलेली एक कंपनी व्यवस्थापनाच्या वर्गांमध्ये नेहमी शिकवली जाते.

अ‍ॅस्पार्टेम या कृत्रिम गोडीचं पेटंट मोन्सँटोकडे होतं, ब्रँड न्यूट्रास्वीट. पेटंट युरोपात १९८७ मध्ये संपलं आणि अमेरिकेत १९९२ मध्ये संपणार होतं. त्यावर नजर ठेवून हॉलंड स्वीटनर नावाची कंपनी युरोपात उतरली. कोक आणि पेप्सी या दोन्ही बड्या ग्राहकांना दुसरा पुरवठादार हवाच होता, नेमकं तुमच्या ग्राहकाचं वाक्य. मग अमेरिकेतलं पेटंट संपायच्या तोंडावर दोघांनीही मोन्सँटोशीच नवे दीर्घ करार केले, अर्थात आधीपेक्षा बऱ्याच स्वस्तात. हॉलंड स्वीटनरच्या नुसत्या असण्याने दोन ग्राहकांचा प्रचंड पैसा वाचला. तिच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही.

ब्रँडेनबर्गर आणि नेलबफ या गेम थिअरीच्या दोन अभ्यासकांनी १९९० च्या दशकात ही कथा मांडली आणि तिचा जो अर्थ लावला तो मला फार मोलाचा वाटतो. तुम्ही खेळात उतरल्यामुळे कोणाचा तरी फायदा होतो. तुम्ही उतरण्याआधी त्या फायद्यातला वाटा मागता येतो, उतरल्यानंतर मागता येत नाही. हॉलंड स्वीटनरने आधी ठरावीक मालाचा करार मागायला हवा होता, कारखान्याच्या खर्चात ग्राहकाचा हात मागायला हवा होता.

याच लेखकांनी दिलेलं उलट उदाहरण : १९८९ मध्ये क्रेग मॅकॉला लिन ब्रॉडकास्टिंग ही मोबाईल क्षेत्रातली कंपनी विकत घ्यायची होती. लिनला त्याच्यासमोर प्रतिस्पर्धी हवा होता. बेलसाउथ या बड्या टेलिफोन कंपनीने बोली लावायचं कबूल केलं, पण आधी अट घातली : आम्ही हरलो तर ५ कोटी ४० लाख डॉलर द्यायचे, शिवाय खर्चाची भरपाई. मॅकॉ जिंकला, लिनच्या भागधारकांना चांगला भाव मिळाला आणि हरणारी बेलसाउथ पैसे घेऊन घरी गेली.

रानवारा

दूरबीण, उदाहरण भारी आहे, पण बेलसाउथचा आकार पाहा. मध्यम पुरवठादाराने "दर सांगायचे पैसे द्या" म्हटलं तर खरेदीवाला पुढच्या नावाकडे वळेल. सुकाणूंसारखे पाच जण बाहेर उभे असतील तर मागण्याची ताकद येणार कुठून?

दूरबीण

आक्षेप रास्त आहे. सुकाणूंसारखे पाच जण असतील तर त्यांच्या येण्याने खेळात फारशी भर पडत नाही, मग वाटाही मिळत नाही. म्हणून सुकाणूंनी पहिलं शोधावं ते हे : आपल्याशिवाय आणखी कोणाला विचारलंय, आणि हा भाग खरोखर किती जण बनवू शकतात?

दुसरं, मोबदला रोखच हवा असं नाही. डायच्या खर्चात भागीदारी मागा. चाचण्यांचा खर्च त्यांच्याकडे द्या. वर्षाला अमुक इतका माल उचलूच, अशी लेखी हमी मागा. उत्पादन विभागाच्या प्रमुखांची भेट मागा. शेवटचा दर सांगायची संधी आपल्यालाच मिळावी असं मागा. यातलं एकही मिळालं नाही तर त्या नकारानेच उत्तर दिलं.

आडवाटेचा

उत्पादन प्रमुखांच्या भेटीचा मुद्दा पक्का आहे, आतल्या अनुभवावरून सांगतो. पुरवठादार खरंच बदलायचा असेल तर आम्हाला उत्पादन आणि गुणवत्ता विभागांना सोबत घ्यावंच लागायचं, नाहीतर नवा माल तपासणीतच अडकतो. आणि नुसता दर पाडायचा असेल तर त्या दोघांना आम्ही कळूही देत नसू, कारण त्यांचे जुन्या पुरवठादाराशी चांगले संबंध असतात आणि बातमी तिकडे फुटते. भेट मागायला काही पडत नाही, आणि ती मिळते की नाही यावरून बरंच कळतं.

गणितवेडी

वा! खरा-खोटा वेगळे करणारी मागणी कशी असते त्याचं याहून चांगलं उदाहरण मला सुचलं नसतं.

आता घासाघीस सुरू झाल्यावरचं बोलते. अर्थतज्ज्ञ एरियल रुबिनस्टाईनने १९८२ मध्ये एक साधा खेळ सोडवला. वाटायची रक्कम १००. एक जण वाटणी सुचवतो, दुसरा मान्य करतो किंवा नाकारून आपली सुचवतो, असं चालू राहतं. प्रत्येक फेरीला उशिराची झळ बसते, म्हणजे मिळणाऱ्या वाट्याची किंमत घटते. दोघांनाही दर फेरीला १० टक्के झळ असेल तर पहिल्याच फेरीत सुमारे ५३-४७ वर तडजोड होते. थोडा जास्त वाटा आधी बोलणाऱ्याचा. आता समोरच्याची झळ २० टक्के करा, आपली १० च ठेवा. आपण आधी बोललो तर आपल्याला सुमारे ७१. तो आधी बोलला तरी त्याच्या वाट्याला जेमतेम ३६!

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की फेऱ्या प्रत्यक्ष होतच नाहीत. पहिल्या प्रस्तावालाच होकार येतो. थांबायची ताकद वापरावी लागत नाही, ती आहे हे दोघांना माहीत असलं की पुरतं. त्यामुळे वाटाघाटीची खरी तयारी म्हणजे आपली घाई कमी करणं आणि समोरच्याची घाई कशात आहे हे शोधणं. भाषणकला त्यानंतर.

आडवाटेचा

हे मान्य. तिमाही संपत आली की विक्रीवाल्याचा आवाज बदलतो आणि आम्ही त्याचीच वाट बघायचो. तसंच आमच्याकडे माल संपत आला की आमचा आवाज बदलायचा. पुरवठादारांपैकी फार थोडे जण ते शोधायचे.

तिसरा_डाव

गणितवेडी, एक पुरवणी. लोक "बाहेरचा पर्याय" या एका नावाखाली दोन गोष्टी एकत्र करतात. बोलणी लांबली असताना तुमचं रोजचं किती भागतंय ही एक, आणि उठून गेलात तर किती मिळेल ही दुसरी. पहिली चांगली असेल तर वाटा हळूहळू वाढतो. दुसरीचा उपयोग तेव्हाच, जेव्हा उठून गेल्यावर मिळणारं हे टेबलावर मिळणाऱ्यापेक्षा जास्त असेल. नाहीतर उठून जायची धमकी ऐकून समोरचा शांत बसतो, कारण तुम्ही जाणार नाही हे त्याला दिसतं. १९८१ मध्ये फिशर आणि युरी यांनी तडजोड न झाल्यास उरणाऱ्या सर्वोत्तम पर्यायाची कल्पना लोकप्रिय केली. चांगलं केलं, पण त्यामुळे प्रत्येक जण असा पर्याय खिशात ठेवून येतो आणि तो दाखवला की भाव मिळेल असं धरून चालतो.

आता मूळ धाग्याकडे. इथे सगळे ग्राहकाबद्दल बोलत आहेत. तिसरा खेळाडू कुठे गेला? जुना पुरवठादार हातावर हात ठेवून बसणार नाही. सुकाणूंनी त्याचा ग्राहक ओढला तर तो सुकाणूंच्या ग्राहकांकडे जाईल. समजा दोघांनी आपापल्या जागी दर टिकवले तर प्रत्येकाला १०. एकाने पाडले तर त्याला १४, दुसऱ्याला ३. दोघांनी पाडले तर ६ आणि ६. एकदाच खेळायचं असेल तर पाडणंच बरं दिसतं. पण खेळ पुढे चालू राहणार असेल आणि एकदा बिघडलं की बिघडलंच असं असेल, तर पुढची फेरी होण्याची शक्यता निम्म्याहून जास्त झाली की दर टिकवणं दोघांनाही परवडतं.

१९९२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने भाड्यांची सोपी, स्वस्त रचना आणली. प्रतिस्पर्ध्यांनी त्याहून खाली उडी मारली, उन्हाळ्यात अर्ध्या भाड्याची लढाई झाली, विमानं भरून गेली आणि तरी सगळा उद्योग तोट्यात गेला. काही महिन्यांत ती रचना मोडीत निघाली. आपण चाल केल्यावर बाकीचे काय करतील, हा प्रश्न किती महाग पडू शकतो ते तिथे दिसतं.

अबोली

@तिसरा_डाव, मी कायद्याच्या क्षेत्रात आहे, म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहिते. समोरच्याची चाल ओळखून आपण स्वतः दर टिकवणं वेगळं आणि प्रतिस्पर्ध्याशी बोलून ठरवणं वेगळं. दुसरा प्रकार बहुतेक देशांत गुन्हा किंवा जबर दंडाची बाब आहे. लायसिन (पशुखाद्यातला एक घटक) आणि सायट्रिक आम्ल यांच्या दरांच्या संगनमतात एडीएम या अमेरिकी कंपनीने १९९६ मध्ये गुन्हा कबूल करून १० कोटी डॉलर दंड भरला.

आणि ही संगनमतं मोडायला कायद्याने कैद्यांचा पेच मुद्दाम उभा केला आहे. अमेरिकेने १९९३ मध्ये माफीचे नियम बदलले : चौकशी सुरू होण्याआधी जो पहिला येऊन कबुली देईल त्याला अटी पूर्ण झाल्यास माफी मिळणारच, दुसऱ्याला ती नाही. तेव्हापासून प्रत्येक भागीदाराला दुसरा आधी पोहोचेल ही धास्ती. गेम थिअरीचा इतका नेमका वापर मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

कळसूत्री

पुस्तकात उलटा विचार करायला शिकवतात ना, शेवटच्या फेरीपासून मागे येत? धाग्याला लावून पाहिला. शेवटचा प्रतिसाद देणाऱ्याला कोणी उत्तर देणार नाही, म्हणून तो लिहिणार नाही. मग त्याच्या आधीचाही नाही. असं मागे येत गेलं की सुकाणूंनी धागा काढायलाच नको होता. :)

गणितवेडी

:) म्हणूनच कोणता प्रतिसाद शेवटचा हे कोणालाच माहीत नसावं लागतं! गंमत बाजूला ठेवली तरी हा मुद्दा करारांना लागू होतो. "ही शेवटची ऑर्डर" हे दोघांनाही कळलं की मालाची गुणवत्ता आणि पैसे देण्याची तत्परता एकाच वेळी घसरते.

रानवारा

राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉडच्या स्पर्धेचा उल्लेख अजून कसा नाही आला? संगणकांमध्ये कैद्यांचा पेच वारंवार खेळवला होता. पहिल्या फेरीत १४ जणांनी डावपेच पाठवले, दुसरीत ६२. दोन्ही वेळा अनातोल रॅपपोर्टचा सगळ्यात छोटा प्रोग्राम जिंकला : पहिल्यांदा सहकार्य करा, मग समोरच्याने मागच्या खेपेला जे केलं तेच करा. तात्पर्य, जशास तसे.

तिसरा_डाव

त्या निकालातली एक बारीक गोष्ट निसटते. जशास तसे हा डावपेच समोरासमोरच्या एकाही सामन्यात प्रतिस्पर्ध्यापेक्षा जास्त गुण मिळवू शकत नाही. फार तर बरोबरी. तरी एकूण बेरजेत पहिला आला. समोरच्याला हरवायचंच असं मनात धरून वाटाघाटीला बसणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

त्याची कमजोरीही सांगितली पाहिजे. एका बाजूने गैरसमजातून एक वार झाला की दोघं आळीपाळीने वार करत राहतात. धंद्यात गैरसमज रोजचे : एखादी गाडी उशिरा पोहोचते, एखादं पेमेंट चुकून अडकतं. म्हणून अधूनमधून सोडून द्यावं लागतं.

आडवाटेचा

आता माझा जुना आक्षेप पुन्हा. या सगळ्यात माणूस हिशेबी धरलाय. मी असे सौदे मोडताना पाहिलेत ज्यात दोघांचा फायदा होता. एकाला अपमान वाटला, संपलं.

गणितवेडी

याचाही प्रयोग झालेला आहे. ग्यूथ, श्मिटबर्गर आणि श्वार्झे यांनी १९८२ मध्ये असा खेळ मांडला : एकाने रकमेची वाटणी सुचवायची, दुसऱ्याने घ्यायची किंवा नाकारायची, आणि नाकारली तर दोघांनाही शून्य. निव्वळ हिशेबाने पाहिलं तर दुसऱ्याने एक रुपयाही घ्यावा. नंतर हा प्रयोग जगभर झाला. पाचव्या हिश्श्याहून कमी देऊ केलं की बरेच जण स्वतःचं नुकसान सोसून नाकारतात, आणि सुचवणारेही हे ओळखून बहुधा ४० ते ५० टक्के देऊ करतात.

त्यामुळे तुमचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे, पण ते चौकटीच्या बाहेर जात नाही. अपमान हीसुद्धा किंमत आहे, ती चौकटीतच लिहायची.

दूरबीण

सुकाणूंसाठी आणखी एक धोका, आणि मला तो ऑर्डर न मिळण्याहून मोठा वाटतो. समजा ऑर्डर मिळाली. जुना पुरवठादार त्या ग्राहकाला वर्षानुवर्षं ओळखतो : माल किती परत येतो, पैसे किती उशिरा मिळतात, ऐनवेळी डिझाइन किती बदलतं. तुमचा दर पाहूनही त्याने आपला दर उतरवला नाही, तर त्याला काय ठाऊक असेल?

मेक्सिकोच्या आखातातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावांबद्दल केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन इंजिनियरांनी १९७१ मध्ये हेच दाखवलं. तेल किती आहे याचा प्रत्येक कंपनीचा अंदाज वेगळा असतो, आणि जिंकते ती सगळ्यात जास्त आशावादी अंदाजवाली. म्हणजे जिंकणं हीच अंदाज चढा असल्याची खूण ठरते. बोली लावतानाच "मी जिंकलो तर त्याचा अर्थ काय" हे धरून आकडा सुधारावा लागतो. तुमच्याकडे हे उलटं होईल, सगळ्यात कमी खर्च धरणारा जिंकेल.

कळसूत्री

अवांतर : लिलावावरून आठवलं. न्यूझीलंडने १९९० मध्ये रेडिओ लहरींचा लिलाव दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीच्या नियमाने केला, म्हणजे जिंकणाऱ्याने दुसऱ्याची रक्कम भरायची. पण किमान किंमत ठेवली नाही. एकाने १ लाख डॉलरची बोली लावली आणि भरले ६ डॉलर. दुसऱ्याने ७० लाखांची लावली आणि भरले ५ हजार! या नियमामागच्या, अर्थतज्ज्ञ विल्यम विक्रे याच्या १९६१ च्या सिद्धांतात खोट नव्हती, बोली लावणारेच कमी होते.

सुकाणू

सर्वांचे आभार. दोन-तीनदा वाचून काढला सगळा धागा. मधल्या काळात चार गोष्टी मागितल्या : उत्पादन प्रमुखांची भेट, चाचण्यांचा खर्च, डायच्या खर्चात भागीदारी आणि किमान मालाची हमी. भेट मिळाली आणि बोलणं चांगलं झालं. चाचण्यांचा खर्च ते उचलणार आहेत. डायबद्दल "पुढे बघू" म्हणाले आणि हमीला स्पष्ट नकार आला. हा भाग बनवू शकणारे आमच्याखेरीज फार तर दोघं आहेत, तेही कळलं. आता या मिश्र उत्तराचा अर्थ कसा लावायचा?

रानवारा

माझ्या मते खरे आहेत. गुणवत्ता विभागाला कामाला लावून चाचण्यांवर पैसे खर्च करणारा नुसता धाक दाखवत नसतो.

दूरबीण

मी इतक्यात म्हणणार नाही. चाचणी झालेला पर्याय हातात असणं हा जुन्यासमोर आणखी मोठा धाक आहे. हॉलंड स्वीटनर तर प्रत्यक्ष माल विकत होती! हमी दिली नाही, म्हणजे ऑर्डर कोणाला द्यायची हे त्यांनी अजून मोकळं ठेवलंय. सुकाणू, तुम्हीही तितकेच मोकळे राहा, डायवर स्वतःचा पैसा घालू नका.

आडवाटेचा

नकाराचं तिसरं कारणही असू शकतं. जुन्याशी चालू करार असेल आणि त्यात सगळा माल त्याच्याकडूनच घ्यायचं बंधन असेल, तर खरेदीवाल्याला हमी देताच येत नाही, इच्छा असली तरी. तो करार कधी संपतो ते उत्पादन प्रमुखांना विचारा. खरेदीवाला सांगणार नाही, ते सांगतील.

गणितवेडी

आणि करार संपण्याची तारीख कळली की कोटेशन तिच्या भोवती बांधा. दराची मुदत आखूड ठेवा, म्हणजे तुमचा कागद महिनोन्‌महिने जुन्याच्या टेबलावर फिरणार नाही. एकच आकडा देऊ नका, तीन संच द्या : हमी आणि डायमध्ये भागीदारी असेल तर एक दर, नुसती हमी असेल तर दुसरा, काहीच नसेल तर तिसरा. यातला तिसरा इतका ठेवा की तो जुन्याला दाखवून ग्राहकाला काही कमावता येणार नाही, आणि त्या अटींवर ऑर्डर आलीच तर तुम्हाला डायचा पूर्ण खर्च त्यातून काढता येईल. पहिला दर मात्र मनापासून चांगला द्या. खऱ्या ग्राहकाला तो घ्यावासा वाटला पाहिजे. दूरबीणने लिहिलेला परतीच्या मालाचा आणि उशिरा पैशांचा खर्च तिन्हींत धरायला विसरू नका.